कातळ, पुळण आणि डांबर : लांब धावायला बूट कसा निवडावा?

"सर, झिलाक बूट खयचे घेवचे?" मोठ्या मुलांचा लांब पल्ल्याचा सराव सुरू झाला की पालकांचा हा प्रश्न ठरलेलाच. दुकानदार जाड, गुबगुबीत सोलचा जोड पुढे करतो, अंगठ्याने दाबून दाखवतो आणि आपण भुलतो. मीही भुललो होतो, म्हणून आजचा हा पाठ.

मालवणहून निघून दहा-पंधरा किलोमीटर धावायचं म्हटलं तर एकच जमीन पायाखाली राहत नाही. तारकर्लीकडे डांबरी रस्ता. सुकती लागली की किनाऱ्याची ओली, घट्ट पुळण. आत वळलात की जांभ्याचा सडा. जांभा वरून सपाट दिसतो, पण त्याला भोकं आणि धारदार कंगोरे असतात आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. ऐन आषाढात रस्त्यावरचे जाड बूट घालून मी सड्यावर गेलो. टाच एका भोकाच्या कडेवर पडली, सोल कलंडला आणि घोटा मुरगळला. पुढचे तीन आठवडे खुर्चीत बसून शिकवलं!

बूट वाईट नव्हता, तो डांबरासाठी होता. हे नीट समजून घ्या. सोलमधला फोम म्हणजे हवेचे असंख्य बारीक कप्पे. पाय पडला की ते दबतात, उचलला की फुलतात. त्यामुळे लांब अंतरात तळव्याला आराम वाटतो, खडे कमी टोचतात. पण फोम जितका उंच आणि मऊ, तितका पाय जमिनीपासून वर. मग बूट कलंडला तर घोट्यावर ताणही जास्त येतो. म्हणून आपल्याकडे गादी हवी, पण मध्यम. आणि सोल खाली पसरट हवा. दुकानात बूट दोन्ही हातांत धरून पिळून बघा. फडक्यासारखा पिळला गेला तर सड्यावर तो उपयोगाचा नाही.

सोलखालचे रबराचे दात तीन-चार मिलिमीटरचे पुरे. याहून खोल दात चिखलाला चांगले, पण डांबरावर लवकर झिजतात. अर्थात ओल्या शेवाळावर कुठलेच दात खात्रीचे नाहीत, तिथे सरळ चालावं. आणि कुडोपीच्या सड्यावर जाणार असाल तर कातळशिल्पांवर पाय देऊ नका, ही एका शिक्षकाची जाता जाता विनंती.

'वॉटरप्रूफ' शब्दाला भाळू नका. आपल्या पावसात पाणी वरून, घोट्याकडूनच आत शिरतं आणि मग त्या बुटातून लवकर बाहेर पडत नाही. साधी जाळी बरी. पुळणीवरून आलात की बूट गोड्या पाण्याने धुवा, आत वर्तमानपत्र कोंबा, सावलीत वाळवा. चुलीजवळ मात्र नको, सोलचा डिंक सुटतो.

आता मापाचं. इथे पालक सगळ्यात जास्त चुकतात. "पुढल्या वर्षी पण होईल" म्हणून दोन नंबर मोठा घेतात. पाय आत घसरतो, फोड येतात, उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. मोजे घालून उभं राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी आणि टाच हलता कामा नये.

"आम्ही अनवाणी धावलो, काय बिघडलं?" असंही कोणी विचारतं. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला, हे खरंच. पण १९६४ साली टोकियोत तोच बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. लहानपणापासून अनवाणी वावरलेल्या पायाची गोष्ट वेगळी. आपल्या मुलांचे पाय आता शाळेच्या बुटांत वाढतात.

साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर फोमचा दम संपतो, वरून बूट नवा दिसला तरी. घेतल्याची तारीख सोलच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. आणि नवा जोड स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी दोन आठवडे थोडं डांबर, थोडी पुळण, थोडा सडा असं धावून बघा.