नृत्याभ्यास आणि विश्रांति

पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें व उत्तरायुष्यांत आपल्या नाशिक क्षेत्रीं रामनाम-आधार आश्रमांत वास्तव्य केलें. त्यांच्या शिष्यांनीं १९३१ सालीं स्थापिलेल्या मंडळातर्फे आज संगीताप्रमाणें कथक नृत्याच्याही परीक्षा होतात. परीक्षा व स्नेहसंमेलन लागोपाठ आलीं, कीं विद्यार्थिनींच्या पायांवर किती भार पडतो याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. तो कसा ठेवावा हें येथें सांगावयाचें आहे.

त्रितालाचें आवर्तन सोळा मात्रांचें. चौगुणींत तत्कार केल्यास एका आवर्तनांत ६४ पदाघात होतात; पन्नास आवर्तनांत ३,२००! तेही अनवाणी, कठीण फरशीवर, घुंगरें बांधून. अशा आघातांनीं हाडांत अतिसूक्ष्म इजा होतात. विश्रांति मिळाली म्हणजे शरीर त्या भरून काढतें व हाड बळकट होतें. परंतु दुरुस्तीपूर्वींच पुनः पुन्हां घाव बसत गेले, तर त्या जागीं चीर पडते. यास्तव श्रम व विश्रांति हीं एकाच अभ्यासाचीं दोन अंगें होत.

हिशेबाची रीत सोपी आहे. अभ्यास संपल्यावर अर्ध्या तासानें, श्रम किती वाटले यास शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावे व त्यांस मिनिटांनीं गुणावें. साठ मिनिटें व पांच गुण, म्हणजे ३०० हा त्या दिवसाचा भार. आठवड्याची बेरीज मागील आठवड्याशीं ताडून पाहावी. ती एकाएकीं दीडपट-दुप्पट झाल्यास सावध व्हावें. सकाळीं अंथरुणांतच एक मिनिट नाडी मोजावी. ती दोन-तीन दिवस नेहमीपेक्षां बरीच जलद असेल, झोंप व भूक मंदावली असेल, तर थकवा भरून निघाला नाहीं, किंवा आजार येऊं घातला आहे, असें समजावें. त्या दिवशीं बसून पढंत करावी. ताल सुटत नाहीं आणि पायांस विसांवा मिळतो.

पालकांस विनंति अशी, कीं नडगीवर वा पावलावर एकाच जागीं बोट लावतां कळ येत असेल, अथवा बसल्या जागींही दुखत असेल, तर तेल चोळून नृत्य चालूं ठेवूं नये; डॉक्टरांस दाखवावें. मुलीची मासिक पाळी बंद पडणें हेंही अतिश्रमाचें व अपुऱ्या आहाराचें लक्षण असूं शकतें. मातांनीं संकोच न करितां सल्ला घ्यावा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोंप अवश्य आहे.

विद्यार्थिमित्रांनो, दुखणें लपविण्यांत शौर्य नाहीं. एका संमेलनास मुकणें मनाला लागतें खरें. पण हाडास चीर पडली, तर कित्येक आठवडे घुंगरें खुंटीसच टांगून ठेवावीं लागतात.