चांद्रमोहिमा का आटोपल्या?

‘अपोलो १३’च्या अपघाताने अमेरिका धास्तावली आणि तिने चंद्राचा नाद सोडला, असे सर्रास सांगितले जाते. तारखा मात्र वेगळेच बोलतात. अमेरिकी केंद्र सरकारच्या खर्चात नासाचा वाटा सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४.४ टक्के, होता तो १९६६ मध्ये. आर्मस्ट्राँग उतरण्याच्या तीन वर्षे आधी. ऑगस्ट १९६८ मध्येच ‘सॅटर्न ५’ रॉकेटांचे उत्पादन १५ वर थांबवायचे ठरले. ‘अपोलो २०’ रद्द झाली जानेवारी १९७० मध्ये. १३ च्या प्राणवायूच्या टाकीचा स्फोट एप्रिलमधला. सप्टेंबरमध्ये आणखी दोन मोहिमांवर काट बसली, तिच्यात भीतीचा अंश असेलही. पण भीतीच मुख्य असती, तर त्यानंतर चार मोहिमा गेल्या नसत्या. त्यातल्या शेवटच्या तिन्हींना तर चांद्रगाडी मिळाली. ‘अपोलो १७’मध्ये (डिसेंबर १९७२) हॅरिसन श्मिट हा भूवैज्ञानिक होता. शॉर्टी विवराच्या काठावर त्याला चक्क नारिंगी माती दिसली. प्राचीन लाव्हाच्या कारंज्यातून उडालेले ते काचेचे सूक्ष्म मणी होते. विज्ञान असे रंगात आले असताना तिजोरी बंद झाली, कारण रशियाशी लागलेली शर्यत १९६९ मध्येच जिंकून झाली होती. उरलेल्या सॅटर्नपैकी एकाने १९७३ मध्ये ‘स्कायलॅब’ ही अंतराळ प्रयोगशाळा कक्षेत नेली. दोन कधी उडालीच नाहीत.