जवळची वाट आणि लवकरची वाट

इ. स. २०१६ च्या ऑक्टोबराअखेर आमची कन्या विमानानें दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस निघाली. विमान पहाटेस चार वाजतां सुटणार होतें. "अहो, पोंचणार केव्हां?" अशी घरांतून विचारणा होतांच, तिकिटावरील वेळ पाहण्याऐवजीं मीं मास्तरकीच्या जुन्या खोडीनें गणित मांडलें. मार्ग १५,३०० किलोमीटरांचा, वेग ताशीं सुमारें ९०० किलोमीटर, भागाकार सतरा. रात्रीं नऊच्या आंत दूरध्वनीची वाट पाहूं नये, असा निकाल मीं देऊन टाकला. दूरध्वनि वाजला तो सायंकाळीं सातलाच! सौभाग्यवतींच्या हातांतील निरांजन थरथरलें. विमानास मध्येंच कोठें तरी उतरावें लागलें, अशी त्यांची समजूत झाली. कन्या मात्र सुखरूप पोंचून, तेथें त्याच तारखेची सकाळ असल्याचें सांगत होती.

सकाळीचें कोडें सोपें आहे. उन्हाळी वेळेंत कॅलिफोर्नियाचें घड्याळ आपल्या साडेबारा तास मागें असतें. परंतु माझे अडीच तास गेले कोठें?

शाळेंत असतांना मी पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मुलांना दोन गांवांमधील अंतर दाखवीत असें. दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को ह्यांजमध्यें दोरा ताणला, तर तो सैबेरियावरून थेट आर्क्टिक महासागरापर्यंत चढून पलीकडे उतरतो, आणि अंतर भरतें सुमारें १२,४०० किलोमीटर. हीच जवळची वाट. मात्र ती तिबेटच्या पठाराकडून जाते. विमानांतील हवेचा दाब गेल्यास वैमानिकास त्वरित सुमारें ३,००० मीटरपर्यंत खालीं यावें लागतें, आणि तेथें जमीनच ४,५०० मीटरांच्या आसपास! म्हणून विमानें शक्यतों तें पठार टाळतात.

एअर इंडियाचें विमान पूर्वीं पश्चिमेस, अटलांटिक महासागरावरून जात असे. तो मार्ग १३,९०० किलोमीटरांचा. १६ ऑक्टोबर २०१६ रोजीं तेंच विमान प्रथम पूर्वेस, चीन व जपान ओलांडून पॅसिफिकवरून गेलें. वाट चौदाशें किलोमीटरांनीं वाढली आणि वेळ सुमारें दोन तासांनीं घटली! १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत, म्हणजे ताशीं हजारांहून अधिक. वरचा वेग विमानाचा नव्हे, वाऱ्याचा.

भूमीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद प्रवाह वाहत असतो. विषुववृत्ताकडील ऊन हवा ध्रुवाकडे जाऊं लागली कीं पृथ्वीच्या परिवलनामुळें ती पूर्वेकडे वळते. हिवाळ्यांत जपानवर ह्याचा वेग कधीं कधीं ताशीं दोनशें किलोमीटरांच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी ह्या जपानी वेधशास्त्रज्ञानें फुगे सोडून हा प्रवाह मोजला, आणि परदेशांतील विद्वानांनीं वाचावें म्हणून इ. स. १९२६ मध्यें आपला वृत्तांत एस्परांतो ह्या कृत्रिम भाषेंत छापला. परिणामीं तो फारसा कोणीच वाचला नाहीं! १९४४ सालीं अमेरिकन बाँबफेकी विमानें ह्याच वाऱ्यांत सांपडलीं, तेव्हां जगाचें त्याकडे लक्ष गेलें. भाषेच्या मास्तरास हें वाचून हंसूं येतें आणि हळहळही वाटते.

मुंबई–लंडन हें सुमारें ७,२०० किलोमीटरांचें अंतर जातां-येतां एकच. तरी जातांना साधारण तासभर अधिक लागतो, कारण वारा समोरून असतो. कन्या परत यावयाची झाली तेव्हां मीं पुन्हां पाटी ओढली. सौभाग्यवतींनीं ती बाजूस ठेविली आणि तिकीट माझ्या हातीं दिलें.