कारण सरते, कर उरतो

2025 साली महाराष्ट्राच्या व्यवसाय कराने पन्नाशी गाठली. मला त्याची आठवण झाली ती आधीच्या ऑक्टोबरातल्या एका चटक्यामुळे. शंभराचा स्टॅम्प पेपर जिथे चालत होता तिथे सरकारने पाचशेचा सक्तीचा केला. पुणे जिल्ह्यातल्या आमच्या पासलीसारख्या गावात, भात निघायच्या आधी हातात पैसा नसताना, पाचशे म्हणजे घरच्या बाजारहाटाचे पैसे.

व्यवसाय कराचा जन्म मात्र मानाचा होता. 1972 च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये नोकरदारांच्या पगारातून हा कर कापायला सुरुवात झाली. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचे, असा तो उघड व्यवहार होता. असा कर द्यायला माझी कधीच ना नव्हती. पुढे 2005 मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला आणि मजुरीचा मोठा भार दिल्लीने उचलला. पगारातली कपात मात्र तशीच राहिली. वर्षाला अडीच हजार आजही जातात.

मधल्या वर्षांत विक्रीकर जाऊन व्हॅट आला, एवढे सांगून पुढे जातो. मला बोलायचे आहे ते 2013 नंतरच्या दशकाबद्दल. पुण्यातली जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, तेव्हा ऑगस्ट 2015 पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला त्यातून मोकळीक मिळाली. त्याच वर्षी जूनपासून राज्याने 12 टोलनाके बंद केले, 53 नाक्यांवर मोटारी आणि एसटीला सूट दिली. आमच्या वाटेवरचा खेड शिवापूरचा नाका राष्ट्रीय महामार्गावरचा, म्हणून त्या यादीत नव्हता. पासलीहून वेल्हे, नसरापूर करत पुण्याला जाणारा माणूस टोल भरत राहिला, नाहीतर पाबे घाटाने वळसा घालत राहिला. फेब्रुवारी 2020 मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे एमएच 12 आणि एमएच 14 च्या गाड्यांना सवलत मिळाली.

जो कर रस्त्यावर दिसतो, त्याच्याविरुद्ध माणसे जमतात. जो दिसत नाही, तो मुरतो. 2015 च्याच ऑक्टोबरात दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार बसला. दुष्काळासाठी दोन रुपये कोण नाकारील? पुढच्या पावसाळ्यात मराठवाड्यात नद्या वाहिल्या, अधिभार काही वाहून गेला नाही. एप्रिल 2017 मध्ये महामार्गालगतची दारूची दुकाने बंद झाली, तेव्हा पेट्रोलवरचा, तोवर सहा रुपयांवर पोचलेला अधिभार नऊ रुपयांवर गेला. दारूच्या महसुलाची तूट दुधाचे कॅन वाहणाऱ्या दुचाकीवाल्याने का भरून द्यावी, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

सगळ्यांत जास्त राग आहे तो दाखल्यांच्या खर्चाचा. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासूनच मुद्रांक माफ होता. तरी खिडकीवर स्टॅम्प पेपर मागत होते आणि आम्ही देत होतो. त्या खिडकीपाशी मी स्वतः उभा राहिलो आहे. माफी आहे, असे एकदाही कुणी सांगितले नाही. आमच्या भागातल्या केळदच्या रस्त्यावरून पावसात तालुक्याला यायचे, साहेब दौऱ्यावर म्हणून परतायचे, ही बुडालेली मजुरी कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. मार्च 2025 मध्ये महसूलमंत्र्यांना तीच माफी नव्याने जाहीर करावी लागली. मे महिन्यात भावाभावांच्या शेतजमिनीच्या वाटणीपत्राचे नोंदणी शुल्कही माफ झाले. दोन्ही निर्णय चांगले, आणि दोन्हींना फार उशीर झाला.

आता राज्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेले आहे. लाडकी बहीण योजनेचे महिना पंधराशे माझ्या शेजारणीला मिळतात आणि तिला त्यांची गरज आहे. पण ते कुठल्या करातून येतात हे सरकारने 1975 सारखे उघड सांगावे. नवा अधिभार आला की आपल्या आमदाराला एकच विचारा: हा कुठल्या तारखेला संपणार? कायद्यात तारीख लिहिलेली नसेल, तर त्याच्या बाजूने हात वर करू नका, असे त्यांना स्पष्ट सांगा.