लॅपटॉपचं वाय-फाय, घरी आणि ऑफिसात

नेटवर्कची यादीच दिसत नसेल, तर आधी कीबोर्डकडे पाहावं. बऱ्याच लॅपटॉपवर विमानाचं चित्र असलेली कळ असते. ती चुकून दाबली गेली की एअरप्लेन मोड लागतो आणि वाय-फाय बंद पडतं.

मग राउटर, म्हणजे केबलने आलेलं इंटरनेट घरात बिनतारी पसरवणारी पेटी. केबल जिथवर पोचते तिथेच ती ठोकली जाते, मग ते टीव्हीमागे असो की लोखंडी कपाटाशेजारी. धातू आणि जाड भिंती लहरी अडवतात. केबल थोडी वाढवून राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणला तर निम्म्या तक्रारी मिटतात.

यादीत आपल्याच घरची दोन नावं दिसतात आणि एकापुढे ‘५जी’ असतं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ती ५ गिगाहर्ट्झची लहर: वेग जास्त, पण भिंतीपलीकडे लवकर दमणारी. दुसरी २.४ गिगाहर्ट्झची. ती लांब पोचते, मात्र तिच्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही गर्दी करतात. राउटरच्याच खोलीत बसत असाल तर पहिली घ्यावी, दोन भिंतींपलीकडे दुसरी.

पासवर्ड बहुधा राउटरच्या स्टिकरवर असतो. शून्य आणि ‘ओ’ची गफलत इथे नेहमीची. पुढे तो बदललात, तर लॅपटॉपवर त्या नावापुढे ‘फर्गेट’ करून नव्याने जोडावं. नाहीतर लॅपटॉप जुनाच पासवर्ड वापरत राहतो. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो कोणीच बदलत नाही. तो जरूर बदलावा. तिथेच सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ आहे ना, तेही पाहून घ्यावं.

विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ की ‘पब्लिक’ हे निवडता येतं. घरी पहिलं, हॉटेलात किंवा स्टेशनवर दुसरं; मग आपला लॅपटॉप इतरांच्या यंत्रांना सहसा दिसत नाही.

मोठ्या ऑफिसात अनेकदा प्रत्येकाचं स्वतःचं युजरनेम लागतं. शिवाय सर्टिफिकेट, म्हणजे समोरचं नेटवर्क खरोखर कंपनीचंच असल्याचा दाखला, तपासला जातो. त्याबद्दलचा इशारा आला तर डोळे मिटून ‘कनेक्ट’ दाबू नये, आयटीवाल्यांना विचारावं. आणि लॅपटॉपची तारीख पाहावी. घड्याळ चुकलेलं असेल तर खरा दाखलाही नाकारला जातो.

घरून काम करताना ऑफिस ‘व्हीपीएन’ लावायला सांगतं. इंटरनेटवरूनच ऑफिसपर्यंत जाणारी ही कुलूपबंद वाट. ती चालू असताना घरचा प्रिंटर सापडत नाही असं होतं. प्रिंटर बिघडलेला नसतो, व्हीपीएन थांबवून पाहावं.

‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असं दिसलं तर लॅपटॉप राउटरला जोडलेला आहे, पुढचं काहीतरी तुटलंय. मोबाइलचा डेटा बंद करून तोच वाय-फाय फोनवर लावावा. फोनवर चाललं तर लॅपटॉप रिस्टार्ट करावा. फोनवरही नाही, तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने लावावा. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’चा लाल दिवा असेल, तर केबलमधून सिग्नलच येत नाहीये. अशा वेळी सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही. केबल कुठे दुमडली नाही ना ते बघून कंपनीला फोन करावा.