अल्पमुदतीची मिशनयात्रा आणि पाचारणाचा शोध

(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात आपण गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या दोघा अमेरिकन तरुणांची हकीकत पाहिली. १८१२ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाहून गलबतात बसलेले हे दोघे, कलकत्त्यास पाऊल ठेवताच कंपनी सरकारने मुलूख सोडून जाण्याचा हुकूम बजावल्यामुळे नाना अडचणी सोशीत, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस येऊन ठेपले. आणि त्यांपैकी हॉल याने ज्या मराठी मुलखाशी आपले आयुष्य जोडले होते त्याच मुलखात, नाशिकच्या बाजूस प्रवास करीत असता, १८२६ साली पटकीच्या विकाराने देह ठेवला. त्या काळी मिशनकार्यास निघणे म्हणजे घरादाराचा बहुधा कायमचाच निरोप घेणे होते. आजच्या लेखात विचार करावयाचा आहे तो याच्या अगदी दुसऱ्या टोकास असलेल्या प्रथेचा, म्हणजे विद्यार्थ्याने, नोकरदाराने किंवा निवृत्त गृहस्थाने दहा-पंधरा दिवसांची, फार तर एका उन्हाळ्याची मुदत ठरवून परदेशी सेवाकार्यास जाण्याचा, आणि अशा यात्रेत आपल्या आयुष्याचे प्रयोजन सापडले असे परत आल्यावर मंडळीपुढे उभे राहून सांगण्याचा.

ही प्रथा आजच्या रूपात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत वाढीस लागली. लॉरेन कनिंगहॅम या विशीतल्या तरुणाला १९५६ साली बहामा बेटांवर प्रार्थना करीत असता जगाचा नकाशा, त्यावर उसळणाऱ्या लाटा आणि त्या लाटांचे तरुणांच्या झुंडींत होणारे रूपांतर असे काहीसे दृश्य दिसले, आणि १९६० साली त्याने ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था काढली. त्याच सुमारास, १९५७ साली, जॉर्ज व्हरवर हा विद्यार्थी दोघा मित्रांना बरोबर घेऊन, होते नव्हते ते किडूकमिडूक विकून, सुवार्तेची पुस्तके वाटण्यासाठी मेक्सिकोत गेला. त्या सुटीतल्या प्रवासातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ उभी राहिली. या तरुणांच्या उत्साहास जेट विमानांची जोड मिळाली नसती तर ही चळवळ थोडक्या धाडसी लोकांपुरतीच राहिली असती. पण हॉल-नॉट यांना ज्या वाटेस वर्ष लागले ती वाट एका दिवसात सरू लागली, आणि शाळा-कॉलेजांच्या सुटीत बसेल एवढी यात्रा शक्य झाली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजाप्रमाणे या शतकाच्या पहिल्या दशकात दरसाल सुमारे १६ लक्ष अमेरिकन प्रौढ अशा अल्पमुदतीच्या यात्रांवर परदेशी जात होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर चाललेल्या व्यवहाराकडे केवळ कौतुकाने किंवा केवळ संशयाने पाहून भागणार नाही.

यात्रेचा शिरस्ता आता बराचसा ठरून गेला आहे. जाणारा तरुण नातलगांना, शेजाऱ्यांना आणि आपल्या चर्चमधील मंडळींना पत्रे पाठवून प्रार्थनेची व वर्गणीची विनंती करतो. एकाच रंगाचे सदरे घातलेले पंधरा-वीस जणांचे पथक विमानतळावर जमते, पाळक हात उंचावून आशीर्वाद देतात, आणि दुसऱ्या दिवशी ग्वाटेमालातील, केनियातील किंवा फिलिपाइन्समधील एखाद्या वस्तीत ही मंडळी शाळेच्या भिंतीला रंग देण्यास किंवा विटा वाहण्यास लागतात. दुपारी वस्तीतल्या मुलांना गोळा करून गाणी, चित्रे व बायबलातील गोष्टी होतात. रात्री गिटारीच्या साथीने उपासना होते आणि दिवसभरात देव आपल्याशी काय बोलला हे एकेकाने सांगावयाचे असते. शेवटच्या दिवशी मुले गळ्यात पडतात, सर्वांचे डोळे भरून येतात. घरी परतल्यावर पुढच्या रविवारी साक्ष दिली जाते, आणि तीत बहुतेक वेळा एक वाक्य हटकून येते : त्या लोकांपाशी काही नव्हते, तरी ते किती आनंदी होते!

हे सांगणारी मुले खोटे बोलत नाहीत, ही गोष्ट मी प्रथमच स्पष्ट करू इच्छितो. सुखवस्तू घरात वाढलेल्या, पुढे काय करावयाचे हे ज्याला कोणी विचारलेले नाही आणि ज्याच्या हातून कोणाचेही अडलेले नाही अशा एकोणीस वर्षांच्या मुलास, आपण कोणाच्या तरी उपयोगी पडू शकतो हा अनुभव आयुष्यात प्रथमच येत असेल तर तो त्यास मुळापासून हलवून सोडणारच. माणसाला आपले प्रयोजन कळावे ही भूक अन्नाच्या भुकेइतकीच खरी आहे, आणि ती भागविण्यासाठी पैसे साठवून, सुटी खर्चून, अनोळखी मुलखात धुळीत राबण्यास जी मुले तयार होतात त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. अडचण निर्माण होते ती पुढे, कारण आपण उपयोगी पडलो ही भावना आणि आपण खरोखर उपयोगी पडलो ही वस्तुस्थिती या दोहोंत कधीकधी फार मोठे अंतर असते.

या अंतराचे मोजमाप कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने हॉन्डुरसमध्ये केले. १९९८ च्या अखेरीस मिच नावाच्या चक्रीवादळाने त्या देशाची वाताहत केली, हजारो कुटुंबे उघड्यावर पडली, आणि उत्तर अमेरिकेतून ख्रिस्ती स्वयंसेवकांची पथके घरे बांधण्यास धावून गेली. स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती असलेल्या आणि हॉन्डुरसमध्येच घर करून राहिलेल्या व्हर बीक यांनी पाहुण्या पथकांनी बांधलेल्या घरांतील कुटुंबे आणि स्थानिक गवंड्यांनी बांधलेल्या घरांतील कुटुंबे यांची तुलना केली. दोन्हींच्या आयुष्यात पडलेला फरक सारखाच होता. घर मिळाल्याचे समाधान होते, ते कोणी बांधले याने काही अधिकउणे झाले नव्हते. एका घराची किंमत सुमारे दोन हजार डॉलर होती, आणि ते बांधण्यास आलेल्या पथकाचा एकंदर खर्च तीस हजार डॉलरच्या घरात जात होता. तेवढ्या रकमेत आणखी किती घरे झाली असती हा हिशेब हॉन्डुरसच्या लोकांनाही करता येत होता, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी तो बोलूनही दाखविला. याहून विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे, या यात्रेने आपले आयुष्य बदलले असे सांगणाऱ्या स्वयंसेवकांच्या दानाच्या नोंदी तपासून पाहिल्या, तेव्हा यात्रेपूर्वीच्या आणि यात्रेनंतरच्या आकड्यांत फारसा फरक आढळला नाही.

‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने २००८ साली या विषयावर मजकूर छापला, त्यात मेक्सिकोतील एका चर्चला एकाच उन्हाळ्यात सहा निरनिराळ्या पथकांनी सहा वेळा रंग दिल्याचे आणि इक्वेडोरमध्ये बांधलेले एक चर्च कधी वापरातच आले नसल्याचे उदाहरण होते. यजमानांनी ‘नको’ का म्हटले नाही, असे कोणी विचारील. आलेल्या पाहुण्याला परत फिरवावयाचे नाही ही गरिबाघरचीही रीत असते; शिवाय पाहुण्यांच्या मागून कदाचित शाळेचे छप्पर येईल, औषधे येतील, पुढच्या सालचे अनुदान येईल, ही आशा असते. म्हणून स्थानिक पाळक दहा दिवसांत डोळ्यांना दिसेल असे काम शोधून ठेवतो, आणि ज्याचा हात त्या कामावर बसलेला आहे तो गवंडी थापी बाजूस ठेवून, कॉलेजातली मुले विटांचा थर कसा वाकडा लावतात ते मुकाट्याने पाहत उभा राहतो. यात्रेची सगळी आखणीच अशी होऊन बसते, की आलेल्या प्रत्येकास आपण उपयोगी पडलो असे वाटल्याखेरीज तो परत जाऊ नये.

हीच वृत्ती बेलगाम झाली म्हणजे काय होते हे २०१० च्या जानेवारीत हैतीत दिसून आले. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशातून तेहतीस मुलांना परवानगीच्या कागदपत्रांवाचून सरहद्दीपलीकडे नेऊ पाहणाऱ्या दहा अमेरिकन ख्रिस्ती स्वयंसेवकांना पोलिसांनी अटक केली. मुलांना आश्रय द्यावा हा त्यांचा उद्देश होता. परंतु ज्या मुलांना ते अनाथ समजत होते त्यांतील बहुतेकांचे आईबाप हयात होते.

मग अल्पकाळच्या यात्रेत खरे पाचारण होतच नाही काय? होते, आणि त्याचा सर्वांत लखलखीत दाखला आपल्याच देशात आहे. आयडा स्कडर ही मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी घराण्यातली मुलगी. अमेरिकेत शिक्षण घेतल्यावर, या घराण्याच्या वाटेने जावयाचे नाही असा तिचा निश्चय होता. १८९० साली ती तिंडिवनमला आली ती केवळ आजारी आईच्या शुश्रूषेसाठी, थोड्या दिवसांची मुदत धरून. एका रात्री ती दिव्याशी बसली असता एक ब्राह्मण गृहस्थ दारात आला. त्याची कोवळ्या वयाची पत्नी प्रसूतीत अडली होती. आपले वडील डॉक्टर आहेत, ते येतील, असे आयडाने सांगितले. पण परक्या पुरुषाने आपल्या पत्नीस पाहावे हे त्यास मान्य नव्हते. तो गेला. थोड्या वेळाने एक मुसलमान गृहस्थ हेच गाऱ्हाणे घेऊन आला, त्याचेही उत्तर तेच. आणि त्याच रात्री तिसरा माणूस आला. तिघेही हात हलवीत परत गेले. सकाळी प्रेतयात्रेचे वाद्य कानी आले, नोकराकडून चौकशी केली, तेव्हा तिन्ही स्त्रिया दगावल्याचे कळले.

या रात्री आयडा स्कडरने काय केले? काहीही केले नाही. तिला काही करता येण्यासारखेच नव्हते. तिच्या हातून एकही जीव वाचला नाही, कोणाच्या भिंतीस रंग लागला नाही, कोणते मूल तिच्या गळ्यात पडले नाही. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तिला आपले प्रयोजन सापडले. कारण जगाला जे हवे आहे ते आपल्यापाशी नाही, आणि ते मिळविण्यास दीर्घ काळ लागेल, हे तिला त्या रात्री दिसले. ती अमेरिकेस परतली, वैद्यकाचा अभ्यास करून १८९९ साली कॉर्नेलची पदवी घेतली, आणि १९०० साली वेल्लोरला येऊन एका खाटेपासून तिने दवाखाना सुरू केला. १९०२ मध्ये चाळीस खाटांचे रुग्णालय झाले, आणि १९१८ मध्ये स्त्रियांना वैद्यक शिकविणारी शाळा निघाली, म्हणजे या देशातील स्त्रियांच्या प्रसूतीसाठी याच देशातील स्त्रिया तयार होऊ लागल्या. १९६० साली ती वारली तोपर्यंत त्या रात्रीचे ऋण ती फेडीतच होती.

मला सांगावयाचे आहे ते हेच, की अल्पमुदतीच्या यात्रेची किंमत तेथे काय करता आले यावर नसून काय करता आले नाही हे किती प्रामाणिकपणे दिसले यावर आहे. आणि आजच्या बहुतेक यात्रा अशा रीतीने आखलेल्या असतात की हेच नेमके दिसू नये. ख्रिस्ती परंपरेत यात्रेच्या या कसोटीला आधार नाही असे नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने सत्तर शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव पाठविल्याचा वृत्तान्त आहे, आणि तीही अल्पमुदतीचीच यात्रा होती. जाताना थैली घ्यावयाची नाही, झोळी घ्यावयाची नाही. ज्या घरी उतरू त्याच घरी राहावयाचे आणि पुढे येईल ते खावयाचे, अशी त्यांना आज्ञा होती. देणारे म्हणून नव्हे, तर यजमानाच्या भाकरीवर अवलंबून असलेले पाहुणे म्हणून ते गेले. ते हर्षभरित होऊन परतले आणि आपल्या हातून काय काय झाले हे सांगू लागले, तेव्हा गुरूने त्यांना, आनंद मानावयाचा तो याविषयी नव्हे, असे सांगितले. साक्ष देण्यास उभे राहणाऱ्या प्रत्येक तरुणाने हा अध्याय जाण्यापूर्वी एकदा आणि आल्यावर पुन्हा एकदा वाचावा.

काही संस्थांनी या दृष्टीने चांगली घडी बसविली आहे. १९७८ साली निघालेल्या ‘मर्सी शिप्स’च्या रुग्णालय-जहाजांवर शल्यविशारद, परिचारिका, स्वयंपाकी, यंत्रज्ञ असे सर्व जण स्वतःच्या खर्चाने येतात; कोणी दोन आठवडे राहतो, कोणी वर्षे काढतो. दुभंगलेले ओठ, मोठाल्या गाठी, मोतीबिंदू यांवरील शस्त्रक्रिया दोन आठवड्यांसाठी आलेल्या डॉक्टरलाही करता येतात, कारण त्याने ती विद्या आपल्या देशात वर्षानुवर्षे मिळविलेली असते आणि माणसे बदलली तरी जहाज त्या बंदरात कित्येक महिने उभे असते. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेचे नावही येथे घेतले पाहिजे. २००६ साली माजी अमेरिकन अध्यक्ष जिमी कार्टर आपल्या पत्नीसह लोणावळ्याजवळ शंभर घरांच्या कामावर आले होते, हे पुण्याकडील वाचकांस आठवत असेल. ज्याचे घर त्याने स्वतः राबावयाचे आणि घराची रक्कम हप्त्याहप्त्याने फेडावयाची, असा या संस्थेचा दंडक असल्यामुळे पाहुणा तेथे घरधन्याच्या हाताखालचा मदतनीस असतो.

महाराष्ट्रातील आपण लोक या व्यवहारात बहुधा यजमानाच्या बाजूस असतो. मिशनची रुग्णालये, वसतिगृहे, शाळा, अनाथाश्रम चालविणाऱ्या येथील विश्वस्तांकडे परदेशांतील मंडळ्यांची पत्रे येतात. कायद्याची बाब अशी, की पर्यटक-व्हिसावर आलेल्या परदेशी माणसास भारतात धर्मप्रचार करण्याची मुभा नाही, मिशनकार्यासाठी मिशनरी-व्हिसा घ्यावा लागतो. ही गोष्ट उत्तरात पहिल्याच ओळीत लिहावी. त्यापुढे आपली खरी गरज लिहावी : भूलतज्ज्ञ हवा असेल तर भूलतज्ज्ञ, लेखनिक हवा असेल तर लेखनिक, आणि गवंडी गावातच असेल तर गवंडी नको. काम नसेल तेव्हा पाहुण्यांनी येऊन आपल्या घरी राहावे, आपली भाकरी खावी, आपली माणसे कशी काम करतात ते पाहावे आणि परत जावे, एवढेच कळवावे. मुलांच्या आश्रमात मात्र चार दिवसांचा लळा लावून जाणाऱ्या पथकांना नम्रपणे नकार द्यावा. तेथील मुलांना आधीच पुष्कळ लोक सोडून गेलेले आहेत.