पोटाबाहेरची आतडी आणि एक पारदर्शक पिशवी

गॅस्ट्रोस्कायसिस या जन्मदोषात बाळाच्या पोटाची भिंत बेंबीलगत, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, उघडी राहिलेली असते. भोक तसे लहान, दोन ते चार सेंटिमीटरचे. पण त्यातून जवळजवळ सगळे लहान आतडे, मोठ्या आतड्याचा बराच भाग आणि कधी जठरही बाहेर आलेले असते. त्यावर त्वचा नसते, पडदाही नसतो. गर्भात असताना ही आतडी गर्भजलात उघडी राहतात, त्यामुळे जन्माच्या वेळी ती सुजलेली, जाड झालेली आणि एकमेकांना चिकटलेली दिसतात. साधारण दोन ते चार हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. विशीच्या आतल्या मातांच्या बाळांमध्ये त्याचे प्रमाण जास्त असते. मात्र नेमके कारण वैद्यकशास्त्राला अजून ठामपणे सांगता आलेले नाही.

याचे जवळचे भावंड म्हणजे ऑम्फॅलोसील. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढणारे आतडे पोटात मावत नाही, म्हणून ते नाळेच्या मुळाशी सरकते आणि दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत आत परतते. ऑम्फॅलोसीलमध्ये पोटातले अवयव नाळेच्या मुळाशीच, एका पातळ पडद्याच्या पिशवीत राहतात. मोठ्या दोषात यकृतही त्या पिशवीत असते. पडद्यामुळे आतडी सुरक्षित राहतात, पण या बाळांमध्ये हृदयाचे दोष आणि गुणसूत्रांचे विकार बरेच आढळतात. गॅस्ट्रोस्कायसिसच्या बाळाचे तसे नसते. आतडी सोडली तर ते बहुधा धडधाकट असते, आणि म्हणूनच त्याला वाचवता न येणे जास्त सलते.

वरवर पाहता उपाय सोपा वाटतो: आतडी आत ढकलायची आणि भोक शिवायचे. काही बाळांत ते पहिल्याच दिवशी जमतेही. अनेकांत जमत नाही, कारण रिकामे राहिलेले पोट वाढलेलेच नसते. जबरदस्तीने पोट बंद केले तर आतला दाब वाढतो. श्वासपटल वर ढकलले जाते आणि फुप्फुसांना जागा उरत नाही. हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला दबते, मूत्रपिंडांचा पुरवठा घटून लघवी थांबते, आणि ज्या आतड्यांसाठी हा खटाटोप त्यांचेच रक्त तुटते. सुबक शिवलेल्या पोटाची बाळे अशा दाबाने दगावत.

या कोंडीतून वाट निघाली ती घाई सोडून दिल्यावर. बोस्टनचे रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४८ मध्ये मोठ्या ऑम्फॅलोसीलसाठी टप्प्याटप्प्याची शस्त्रक्रिया मांडली: आधी फक्त त्वचेने झाकायचे, स्नायूंची भिंत पुढे कधीतरी जोडायची. १९६७ मध्ये सॅम्युएल शूस्टर यांनी भोकाच्या कडांना टेफ्लॉनच्या चादरी शिवून पोटाबाहेर तात्पुरते घर तयार केले आणि ते थोडे थोडे आवळत आणले. दोन वर्षांनी अ‍ॅलन आणि रेन यांनी सिलिकॉनची चादर वापरली. याच पिशवीला आज सायलो म्हणतात.

पुढे आलेला तयार सायलो हे फार विचारपूर्वक बनवलेले साधन आहे. ती पारदर्शक, मऊ सिलिकॉनची पिशवी असते आणि तिच्या तोंडाशी स्प्रिंगची गोल कडी बसवलेली असते. आतडी पिशवीत अलगद घेऊन कडी चिमटीत दाबायची, भोकातून पोटाच्या भिंतीखाली सरकवायची आणि सोडायची. ती आत उघडते आणि स्वतःच्या ताणाने अडकून बसते. टाका घालावा लागत नाही, आणि बऱ्याचदा पूर्ण भूलही लागत नाही. हे काम बाळाच्या खाटेवरच होते. मग पिशवीचे वरचे टोक वॉर्मरच्या दांड्याला पट्टीने टांगतात. येथून पुढचे काम गुरुत्वाकर्षणाचे. सूज उतरत जाते तशी आतडी स्वतःच्या वजनाने आत सरकतात. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा वरून हलका दाब देतात आणि रिकामा झालेला भाग निर्जंतुक फितीने बांधतात. दुसऱ्या दिवशी गाठ आणखी खाली येते. बहुतेक बाळांत आठवडाभरात सगळे पोटात जाते, आणि तेवढ्या दिवसांत पोटही ताणून मोठे होते. दुबळ्या आतड्यांवर एकदाही जोर न करता हे साधते, ही या पिशवीची खरी करामत.

ती यशस्वी होते खाटेजवळच्या परिचारिकेमुळे. पिशवी पारदर्शक असण्याचा हेतूच आतड्याचा रंग दिसावा हा आहे. गुलाबी रंग ठीक. काळसर किंवा जांभळी छटा दिसली की तातडी, कारण कडीपाशी आतडे आवळले गेले असेल तर कडी काढून भोक मोठे करावे लागते. पिशवी सरळ उभी आहे ना, एका बाजूला झुकून आतड्याची मुळे पिरगळत तर नाहीत, नाकातून जठरात घातलेली नळी वाहते आहे का, तासाला लघवी किती झाली, पाय थंड तर पडले नाहीत, हे सगळे ती टिपत असते. गाठ खाली आणल्यावर बाळाचा श्वास जड झाला तर गाठ पुन्हा सोडतात. काही विभागांत मूत्राशयातला दाब मोजतात. तो पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या वर गेला की आवळणे थांबते.

आतडी आत गेल्यावर भोक शिवता येते, किंवा न शिवताही बंद करता येते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत नाळेचा राखून ठेवलेला तुकडाच भोकावर पसरून वरून पारदर्शक पट्टी लावतात. काही आठवड्यांत खालची जखम भरते. मागे बेंबीचा लहान हर्निया राहतो, पण तोही बहुधा आपोआप मिटतो. म्हणून जन्माच्या वेळी नाळ थोडी लांब ठेवून कापावी आणि ती ओलसर राखावी.

मोठ्या ऑम्फॅलोसीलमध्ये शस्त्रक्रियेची घाई अनेकदा करतच नाहीत. पडद्यावर जंतुनाशक औषध लावून तो वाळू देतात आणि कडेने नवी त्वचा चढण्याची वाट पाहतात. यासाठी पूर्वी मर्क्युरोक्रोम वापरत. त्यातला पारा बाळाच्या अंगात भिनतो हे कळल्यावर ते मागे पडले. पोव्हिडोन आयोडिनचाही थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे तपासण्या कराव्या लागतात. त्वचा पूर्ण यायला महिने जातात आणि उरलेल्या मोठ्या हर्नियाची शस्त्रक्रिया मूल वाढल्यावर होते.

सायलो महाग असला तरी त्याला पर्याय सापडले आहेत. भारतात लघवीच्या किंवा रक्ताच्या निर्जंतुक पिशवीचे प्लॅस्टिक कापून सायलो शिवले गेले आहेत. खरी अडचण पिशवीच्या आधी आणि नंतर आहे. आधीची अडचण प्रवासाची. उघड्या आतड्यांतून पाणी आणि उष्णता झपाट्याने जाते. ओल्या कापडात आतडी गुंडाळण्याची चांगल्या हेतूने केलेली चूक बाळाला आणखी गार करते. बाळाला काखेपर्यंत स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत घालणे, उजव्या कुशीवर ठेवणे, नाकातून नळी घालणे, सलाइन आणि प्रतिजैविक सुरू करणे, ऊब देणे: एवढे कोणत्याही प्रसूतिगृहात होऊ शकते. पण गडचिरोलीत जन्मलेल्या बाळाला नागपूर सुमारे १७० किलोमीटरवर आहे, आणि तिथे पोहोचेपर्यंत थंड पडलेले, कोरडे झालेले, जंतुसंसर्ग झालेले बाळ उत्तम शल्यचिकित्सकाच्याही हाताबाहेर जाते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हा दोष सहसा दिसतो. तो दिसला तर प्रसूती मोठ्या रुग्णालयात ठरवता येते आणि बाळ पोटात असतानाच प्रवास होतो. केवळ या दोषासाठी सिझेरियन करावे लागत नाही, हेही घरच्यांना सांगायला हवे.

नंतरची अडचण पोषणाची. पोट बंद झाले तरी सुजलेले आतडे आठवडे-आठवडे काम करत नाही. तोवर साखर, अमिनो आम्ले आणि स्निग्ध पदार्थ थेट शिरेतून द्यावे लागतात. फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात आधी बीगल कुत्र्यांच्या पिल्लांवर आणि मग एका तान्ह्या मुलीवर हे शक्य करून दाखवले. त्याआधी पोट नीट बंद झालेली बाळेही उपासमारीने जात. हे द्रावण महाग असते, ते निर्जंतुक वातावरणात मिसळावे लागते, मोठ्या शिरेत जाणारी बारीक नळी अनेक दिवस जपावी लागते, आणि त्या नळीतून शिरलेला एक जंतूही बाळाचा जीव घेतो. फार दिवस चालले तर यकृतही बिघडते. म्हणून आतडे हलू लागल्याची पहिली खूण दिसताच आईचे काढलेले दूध थेंबाथेंबाने सुरू करतात.

या अडचणींचे मोल आकड्यांत दिसते. ‘लॅन्सेट’मध्ये २०२१ साली आलेल्या, ७४ देशांतील २६४ रुग्णालयांच्या अभ्यासात गॅस्ट्रोस्कायसिसची शंभरांपैकी ९० बाळे गरीब देशांत दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे ३२, आणि श्रीमंत देशांत दीडही नाही. दोष तोच आणि उपचारही माहीत असलेलेच. असा फरक फार थोड्या आजारांत आढळतो आणि तो अपरिहार्य मानण्याचे काही कारण नाही. युगांडात स्वस्त साधने, ठरलेले नियम आणि प्रशिक्षित परिचारिका यांच्या जोरावर जवळजवळ शंभर टक्क्यांवरचा मृत्युदर साठाच्या आसपास आला.

वाचलेल्या बाळांपैकी बहुतेकांची पुढची वाढ चांगली होते. साधारण दहातल्या एका बाळात आतड्याचा काही भाग जन्मतःच बंद असतो. त्याला नंतर दुसरी शस्त्रक्रिया लागते, आणि आतडे फार कमी उरले तर शिरेतले पोषण महिनोन्‌महिने चालते. या मुलांची आतडी पोटात नेहमीच्या जागी बसलेली नसतात आणि आत चिकटलेलीही असू शकतात, त्यामुळे अडथळ्याचा धोका पुढेही राहतो. घरी सोडताना पालकांना एक गोष्ट लिहून द्यावी लागते: हिरवी उलटी झाली, पोट फुगले किंवा शी थांबली, तर सकाळची वाट न पाहता मुलाला त्याच वेळी रुग्णालयात आणावे आणि जन्मावेळच्या उपचारांची फाइल सोबत ठेवावी.